पिशवी कुठल्या विषयात येते? संशोधन मान्यता समितीला खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
संशोधन मान्यता समिती, सामाजिक शास्त्रं

(विद्यापीठाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. ज्यांना कळायचं त्यांना कळेल, आणि खरं सांगायचं तर नाव कुठलंही टाकलं तरी पत्रात फारसं काही बदलावं लागणार नाही.)

सप्रेम नमस्कार,

मी तुमच्यासमोर येऊन गेलेली पीएचडीची एक विद्यार्थिनी. समाजशास्त्रात एमए, त्याआधी बीएस्सी संख्याशास्त्र, सेट (प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा) झालेली, एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. पेट (पीएचडीची प्रवेश परीक्षा) पास होऊन कोर्सवर्क संपवून विषय मंजूर करून घ्यायला आले होते. आठवत नसेल तर आठवण करून देते, कारण त्या दिवशी आम्ही चोवीस जण होतो आणि प्रत्येकाला दहा मिनिटं होती. साडेदहाला बोलावलेलं, माझा नंबर लागला सव्वाचारला. आत आले तेव्हा नुकतेच सामोसे आले होते त्यामुळे पहिल्या तीन स्लाइड कोणी बघितल्या नाहीत, त्याबद्दल माझी तक्रार नाही, दिवसभर बसून तुम्हालाही भूक लागलेली असणार. चौथ्या स्लाइडवर ‘बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिला आणि गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया’ असं आलं आणि एक सर म्हणाले, “मॅडम, हा मेडिकलचा विषय नाही का?” मी म्हटलं सर ऑपरेशन मेडिकलचं आहे पण ते इतक्या बायकांचं का होतं हे... तेवढ्यात दुसरे सर म्हणाले यात उचल (आगाऊ घेतलेले पैसे) आणि मजुरी दिसतेय, अर्थशास्त्राकडे द्या. तिसऱ्या मॅडम म्हणाल्या स्त्री अभ्यास केंद्र आहे की आपलं. चौथ्यांनी विचारलं हायपोथेसिस, म्हणजे गृहीतक, कुठंय. सहा मिनिटांत माझा विषय चार टेबलं फिरून परत माझ्याच हातात आला, तहसीलमधल्या फायलीसारखा.

दीड महिन्याने पत्र आलं. “सदर विषय विद्याशाखेच्या कक्षेत बसत नसल्याने पुनर्प्रस्तुती करावी.” एवढंच. आणि त्याच आठवड्यात दुसरं परिपत्रक, की कोर्सवर्कमधला ‘सामाजिक शास्त्रांचं तत्त्वज्ञान’ हा ऐच्छिक पेपर पुढच्या वर्षीपासून बंद, कारण विद्यार्थीसंख्या कमी आणि पेपर रोजगाराभिमुख नाही, त्याच्या जागी डेटा ॲनालिसिस सॉफ्टवेअरची कार्यशाळा.

दोन्ही कागद वेगवेगळ्या टेबलांवरून निघाले असतील पण माझ्या दृष्टीने ते एकच पत्र आहे. म्हणून हे उघड लिहितेय. आत अर्ज करून बघितला, त्याची पोच आहे, उत्तर नाही.

आधी मी या विषयाच्या मागे का लागले ते सांगते, कारण ‘विषय निवडीमागील भूमिका’ या रकान्यात तीनच ओळी होत्या.

माझी सख्खी मावशी बीड जिल्ह्यातली. मावशी आणि काका मिळून एक कोयता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ऊसतोडीला जाताना नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात, मुकादम हंगामाआधी उचल देतो ती त्या जोडीला, आणि मग सहा महिने तोडून ती फेडायची. कामाला दांडी पडली की खाडा, खाडा पडला की पैसे कापले. मावशीची पिशवी बत्तिसाव्या वर्षी काढली. आमच्याकडे गर्भाशय कोणी म्हणत नाही, पिशवी म्हणतात. लहानपणी मला वाटायचं बाई ठरावीक वयाची झाली की पिशवी काढतातच, दाढ काढल्यासारखी, कारण आजूबाजूच्या सगळ्याच बायकांची काढलेली. हे असं सगळीकडे नसतं हे मला पुण्याला होस्टेलवर आल्यावर कळलं.

गेल्या फेब्रुवारीत पायलट (चाचणी पाहणी) म्हणून मी एका कारखान्याच्या तळावर प्रश्नावली घेऊन गेले. प्रश्न १७: ‘शस्त्रक्रियेचे मुख्य कारण (एकच पर्याय निवडा)’. वैद्यकीय त्रास, डॉक्टरांचा सल्ला, आर्थिक, कौटुंबिक, इतर. संध्याकाळची वेळ, कोपीसमोर (तात्पुरत्या झोपडीसमोर) तीन दगडांची चूल, ती बाई भाकरी थापत होती, दिवसभर पाचटात हात घातलेला त्यामुळे मनगटापर्यंत बारीक कापल्याच्या रेषा, त्यात पीठ बसलेलं. माझ्याकडे न बघताच ती म्हणाली, “अंगावरनं पांढरं जायचं. पाळीत मोळी उचलवत नव्हती, मग खाडा. डॉक्टर म्हनला पिशवी खराब झाली, ठिवली तर कॅन्सर व्हईल. दोन पोरं झालेली, सासू म्हनली आता काय करायची ठिवून. मुकादम म्हनला पैशे मी देतो, उचलीत धरू.” मग भाकरी उलटली आणि म्हणाली, “आता ह्यातलं कंचं लिवायचं ते लिव तू.”

मी ‘इतर’वर टिक केली. त्या रात्री फॉर्मामागून फॉर्मावर ‘इतर’ होतं.

आता मुद्द्यावर येते.

पहिली तक्रार हीच, की तुम्ही विचारलं विषय कोणाचा आणि प्रश्न काय आहे ते विचारलंच नाही. त्या बाईच्या उत्तराचे चार तुकडे करून चार विभागांना वाटले तर प्रत्येकाला आपापलं कारण सापडेल आणि प्रत्येकाचं खरं असेल. डॉक्टरला इन्फेक्शन सापडेल, अर्थशास्त्रवाल्याला उचल सापडेल, स्त्री अभ्यासवाल्यांना सासू आणि नवरा. पण ऑपरेशन होतं ते या सगळ्याची गाठ बसते तेव्हा. जॉन मॅकी नावाच्या तत्त्वज्ञाने १९६५ साली कारण या गोष्टीवर लिहिताना घराला लागलेल्या आगीचं उदाहरण घेतलंय. शॉर्टसर्किटमुळे आग लागली असं आपण म्हणतो, पण नुसत्या शॉर्टसर्किटने घर जळत नाही, शेजारी पेट घेणारं काहीतरी लागतं, वेळेवर विझवणारं कोणी नसावं लागतं. आणि शॉर्टसर्किट नसतं तरी दुसऱ्या कशाने तरी आग लागू शकली असतीच. तरी त्या आगीत, त्या जुळणीत, शॉर्टसर्किटशिवाय भागलं नसतं. म्हणजे कारण हा एकटा दांडगा गडी नसतो, तो टोळीतला एक असतो. हे वाचलं त्या दिवशी मला माझा प्रश्न १७ का चुकला ते कळलं. ‘मुख्य कारण, एकच पर्याय’ यातच मी उत्तर ठरवून टाकलं होतं. हे मला कुठल्या सॉफ्टवेअरने सांगितलं नसतं, सॉफ्टवेअरने ‘इतर’चा मस्त पाय चार्ट काढून दिला असता.

आणि हे मला शिकवलं कोणी, तर तुम्ही बंद केलेल्या पेपरने. ही दुसरी तक्रार, यावर जरा जास्त बोलणार आहे.

त्या वर्गात आम्ही सात जण होतो. सर तत्त्वज्ञान विभागाचे, निवृत्तीला आलेले, पीपीटी वापरत नाहीत. पहिल्याच दिवशी म्हणाले तुमच्या प्रश्नावलीतला एक शब्द निवडा आणि आठवडाभर दुसरं काही वाचू नका, त्या शब्दाचाच विचार करा. कोणी ‘कुटुंबप्रमुख’ घेतला, कोणी ‘बेरोजगार’. मी ‘शस्त्रक्रिया झालेली महिला’ घेतला आणि मनात म्हटलं यात काय विचार करायचा, झाली का नाही झाली, संपलं. मग आकडे बघायला बसले. जून २०१९ मध्ये विधिमंडळात आरोग्यमंत्र्यांनी सांगितलं की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या. त्यानंतर सरकारनेच नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, त्यावेळच्या सर्वेक्षणात ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहातली एक. जिल्हा एकच, आकडे दोन, दोन्ही सरकारी, आणि खोटा कुठलाच नाही! पहिला दवाखान्याच्या दारात उभं राहून मोजलाय, तीन वर्षांतली ऑपरेशनं, बाई ऊस तोडते का शाळेत शिकवते याच्याशी देणंघेणं नाही. दुसरा बाईच्या घरी जाऊन मोजलाय, आयुष्यात कधीही झालेलं ऑपरेशन, कुठल्याही जिल्ह्यात झालेलं. मोजणारा कुठे उभा आहे त्यावर वस्तू बदलते. मग ‘बीडमध्ये किती ऑपरेशनं होतात’ याला एकच उत्तर आहे का, आणि नसेल तर कुठलाही आकडा चालेल असं म्हणायचं का (नाही म्हणायचं, पण का नाही?), हा प्रश्न काही संख्याशास्त्राचा राहत नाही. मी संख्याशास्त्राची पदवी घेतलेली बाई सांगतेय, तीन वर्षांत आम्हाला सरासरी कशी काढायची ते शिकवलं, कशाची काढायची ते कोणी बोललं नाही.

हे सगळं मी बाहेरच्या देशातून आणून तुमच्या डोक्यावर मारतेय असं वाटत असेल तर पुण्यातलीच गोष्ट सांगते, तुमच्यातल्या ज्येष्ठांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. १९७१ साली वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ या अर्थतज्ज्ञांनी गोखले इन्स्टिट्यूटमध्ये बसून देशातली गरिबी मोजली. माणशी दिवसाला २२५० कॅलरी ज्या खर्चात मिळतात तो खर्च म्हणजे गरिबीची रेषा, १९६०-६१च्या भावाने खेड्यात माणशी महिना १५ रुपये, शहरात साडेबावीस. त्यावर उभे राहिले पां. वा. सुखात्मे, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, रोमला एफएओमध्ये (संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना) संख्याशास्त्राचं काम बघून पुण्यात परत आलेले. ते म्हणाले थांबा, सरासरी गरज म्हणजे प्रत्येकाची गरज नव्हे. एकच माणूस, तेच काम करताना, या आठवड्यात कमी खातो पुढच्या आठवड्यात जास्त, शरीर ते जुळवून घेतं, त्यामुळे सरासरीच्या खाली दिसला म्हणून त्याला उपाशी म्हणता येत नाही, रेषा बरीच खाली ओढायला हवी. रेषा खाली ओढली की उपाशी माणसांची संख्या धाडकन कमी होते, कोणाच्या ताटात एक घास न वाढता. दांडेकरांचं म्हणणं, मी गरिबी मोजतोय, तुम्ही कुपोषण मोजताय, दोन्ही एक नाही.

हा वाद वर्षानुवर्षं चालला. आणि मला त्यातली मजा (मजा म्हणणं बरं नाही, पण आहे) ही वाटते की आकड्यांवर फारसं भांडण नव्हतंच. भांडण होतं ‘गरज’ या शब्दावर. शरीर जुळवून घेतं म्हणजे नक्की काय? कमी खाऊन तेवढंच काम करतं, की कमी काम करून, कमी उंची वाढवून, पोरांशी खेळायचं सोडून देऊन कसंबसं भागवतं? दुसरं असेल तर त्याला जुळवून घेणं म्हणायचं का हार मानणं म्हणायचं? पुढे डेव्हिड सेकलर या अर्थतज्ज्ञाने तर ‘लहान पण निरोगी’ असं मांडलं, बुटकी राहिलेली मुलं म्हणजे परिस्थितीशी जमवून घेतलेली मुलं, आणि पोषणतज्ज्ञ सी. गोपालन त्यावर तुटून पडले. मला सांगा हे भांडण कुठल्या विद्याशाखेच्या कक्षेत बसतं? शरीरशास्त्र आहे, संख्याशास्त्र आहे, अर्थशास्त्र आहे, आणि ‘माणसाला किती मिळालं म्हणजे पुरे’ हा प्रश्न आहे, तो तर यातल्या कोणाच्याच सिलॅबसमध्ये नाही. आणि याच प्रश्नावर रेशनपासून योजनांपर्यंत सगळं ठरतं. १९७९ साली नियोजन आयोगाच्या गटाने खेड्यात २४०० आणि शहरात २१०० कॅलरी धरल्या, २००९ मध्ये सुरेश तेंडुलकर समितीने कॅलरीचा खुंटा सोडला, मग त्यांच्या पद्धतीने २०११-१२ची रेषा खेड्यात दिवसाला २७ रुपये आणि शहरात ३३ निघाली आणि देशभर बोंबाबोंब झाली. टीव्हीवर सगळे ओरडत होते की ३३ रुपयांत वडापाव-चहा होतो का. रेषा ही सापडलेली गोष्ट असते की ठरवलेली, हे कोणी विचारत नव्हतं.

आमच्या सरांनी हा वाद दोन तास शिकवला. आता तो पेपर नाही. युजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) सगळ्या पीएचडीवाल्यांना सक्तीचा केलेला जो संशोधन आणि प्रकाशन नीतीचा कोर्स आहे, ३० तासांचा, त्यात तत्त्वज्ञान आणि नीतिशास्त्राचं पहिलं युनिट ३ तासांचं आहे. तीन तास! डेटाबेस आणि मेट्रिक्सला सात. म्हणजे सायटेशन (आपल्या लेखाचा संदर्भ किती जणांनी दिला ते) कसं मोजायचं याला ज्ञान म्हणजे काय याच्या दुपटीहून जास्त वेळ. सॉफ्टवेअरची कार्यशाळा ठेवा, जरूर ठेवा, मी स्वतः पहिल्या बाकावर येऊन बसेन, पण ती त्या पेपरच्या जागी का? विळी नवीन आणली म्हणून काय चिरायचं ते ठरवायचं नाही असं असतं का कुठे.

आणि विद्यार्थीसंख्येचं म्हणाल तर सात ही संख्या का राहिली? पेपर ऐच्छिक, वेळ शनिवारी दुपारी तीन ते पाच, गावी जाणाऱ्या एसट्या त्याच वेळेच्या.

तिसरी तक्रार हायपोथेसिसची. फॉर्मवर रकाना आहे, रिकामा ठेवला तर ऑफिसमधूनच परत येतो. मी लिहिलं होतं, ‘या टप्प्यावर गृहीतक नाही, आधी कोटी (वर्गवारी) तपासायची आहे’. त्यावर तुमच्यातल्या एकांनी हसून म्हटलं की गृहीतकाशिवाय संशोधन सायंटिफिक कसं होईल. सर, हे वाक्य कुठल्या सायन्समधून आलं? कार्ल पॉपर या तत्त्वज्ञाने कल्पना मांडा आणि ती पाडायचा प्रयत्न करा असं सांगितलं, १९३४ साली, आणि त्याच्या डोळ्यासमोर आइन्स्टाइन होता. टॉमस कून हा मूळचा फिजिक्सचा माणूस, १९५८-५९ साली स्टॅनफर्डच्या एका केंद्रात वर्षभर राहिला, आजूबाजूला बहुतेक सगळे समाजशास्त्रं करणारे, आणि तो चक्रावला, की या लोकांचं खरा प्रश्न कुठला आणि रास्त पद्धत कुठली यावरच एकमत नाही, आमच्याकडे तर असं भांडत नाहीत. तो फरक कशामुळे, हे शोधताना त्याला पॅराडाइमची, म्हणजे एका शास्त्रातल्या सगळ्यांनी मान्य केलेल्या चौकटीची, कल्पना सुचली. म्हणजे बघा, सायन्स कसं चालतं याबद्दलची गेल्या शतकातली सगळ्यात गाजलेली कल्पना एका सायन्सवाल्याला आपल्यासारख्यांच्या शेजारी बसल्यावर सुचली, आणि आपण अजून नववीच्या प्रयोगवहीतलं सायन्स धरून बसलोय, उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. शिवाय सायन्सवाल्यांचा दगड आपल्याबद्दलचा रिपोर्ट वाचत नाही. बाई वाचते, निदान ऐकते तरी. २०१९ला बातम्या आल्यानंतर तळावरच्या बायका आता प्रश्नावली दिसली की आधी विचारतात, “पिशवीचं हाय का?” आणि मग काय सांगायचं ते ठरवतात. याला हायपोथेसिसचा रकाना कसा पुरणार?

म्हणजे गृहीतकं नकोत असं मी म्हणत नाहीये. जिथे लागतात तिथे लागतात. पण सगळ्यांना एकच रकाना का.

चौथी, जराशी नाजूक. तुमच्यातल्या एकांनी शेवटी समजुतीच्या स्वरात सांगितलं की मॅडम, एखादी योजना घ्या, तिचा इम्पॅक्ट (परिणाम) काढा, एका वर्षात संपतं. सल्ला मनापासून होता हे मला कळलं. पण यावर एक गोष्ट वाचल्यापासून माझा इम्पॅक्ट या शब्दावरचा विश्वास जरा हललाय. तामिळनाडूत १९८०च्या दशकात मुलांच्या पोषणाचा प्रकल्प झाला, आयांना आहाराबद्दल शिकवणं, जोडीला पूरक आहार, चांगला चालला. तोच नमुना बांगलादेशात नेला तर जवळपास काही फरक दिसेना. का? नॅन्सी कार्टराइट ही विज्ञानाची तत्त्वज्ञ हे उदाहरण देते. तिकडे बाजारहाट पुरुष करतात, आणि घरात कोणाच्या ताटात काय पडणार ते आई ठरवत नाही, सासू ठरवते. शिकवलं आईला, डबा सासूच्या हातात! आपल्याकडच्या कुठल्याही सुनेने हे प्रकल्प अहवाल न वाचता सांगितलं असतं. पण आकडे मोजणाऱ्यांच्या टीममध्ये ‘आई’ हा शब्द दोन ठिकाणी एकच अर्थाचा आहे का असं विचारणारं कोणीतरी लागतं. एका ठिकाणी लागू पडलं म्हणजे इथे लागू पडेल हे कशाच्या जोरावर म्हणायचं, हे शिकायला इम्पॅक्ट स्टडीच्या आधी तो शनिवारचा पेपर लागतो.

पाचवी तक्रार तुमच्या एकट्याची नाही पण सुरुवात तुमच्याकडून होते. समजा कोणी हट्टाने दोन विषयांच्या मधला अभ्यास केलाच, तर पुढे इंटरव्ह्यूला ‘पीएचडी संबंधित विषयात नाही’ म्हणून बाहेर. नियमात संबंधित, संलग्न असे शब्द आहेत पण संलग्न कोणाला म्हणायचं ते टेबलामागचा माणूस ठरवतो. म्हणून पोरं घाबरून सेफ विषय घेतात. ‘अमुक तालुक्यातील तमुक योजनेचा चिकित्सक अभ्यास’. प्लेजरिझम (दुसऱ्याचं उतरवलेलं) दहा टक्क्यांच्या आत आला की झालं. मी त्यांना नावं ठेवत नाही, घरी हप्ते असतात.

आणि गंमत म्हणजे नॅकची (कॉलेज-विद्यापीठांना दर्जा देणाऱ्या संस्थेची) टीम आली होती तेव्हा मेन गेटवर फ्लेक्स होता, ‘आंतरविद्याशाखीय संशोधनाचे माहेरघर’. आमच्या विभागाच्या बाहेर रांगोळीसुद्धा काढली होती. माहेरघर म्हणायचं आणि लेक दारात आली की विचारायचं तू नक्की कोणाची, असं झालं हे. चार विभागांचे चार पेपर एका सेमिनारला ठेवले की त्याला बहुविद्याशाखीय म्हणता येईल, थाळीत चार वाट्या. मिसळ वेगळी. मिसळीत फरसाण फरसाण राहत नाही आणि रस्सा रस्सा राहत नाही, म्हणूनच ती करणाऱ्याला हात लागतो.

इथे तुमची बाजूही सांगते, कारण सर्वांनी मिळून समितीला झोडपावं म्हणून हे लिहीत नाहीये. आंतरविद्याशाखीयच्या नावाखाली पाट्या टाकणारे खूप आहेत. दोन विषयांपैकी कुठलाच धड येत नाही म्हणून मधे जाऊन बसलेले, अर्थशास्त्रवाल्यांना सिद्धांत सांगायचा आणि सिद्धांतवाल्यांना आकडे दाखवायचे. असले प्रबंध तुम्ही वाचलेले आहेत त्यामुळे तुम्ही कचरता हे मी समजू शकते. पण त्यावर उपाय जास्त कडक परीक्षा हा आहे, दार बंद करणं नाही. दा. ध. कोसंबी, जन्म गोव्यातला, गणिताचा माणूस, आधी पुण्यात फर्ग्युसनला आणि पुढे टीआयएफआरमध्ये (मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था) गणित करत होते, आणि त्यांनी प्राचीन नाणी तराजूत घातली. नाणं चलनात फिरून झिजतं, वजन कमी होतं, म्हणजे झिजेचं गणित मांडलं तर नाण्याच्या वयाचा अंदाज येतो. त्यातून इतिहास. १९४४ साली जनुकशास्त्रात त्यांनी एक सूत्र दिलं ते अजून त्यांच्या नावाने वापरतात. त्यांना कोणी हलकं काम केलंस म्हणून सोडलं असतं का? उलट दोन्ही बाजूंची तपासणी सोसावी लागली. ते तुमच्यासमोर सव्वाचारला आले असते तर गाईड कुठल्या विभागाचा दिला असता हे मला खरंच जाणून घ्यायचंय. (मी कोसंबी नाही हे मला माहीत आहे, कमेंटमध्ये कोणी सांगायची गरज नाही.)

तर माझ्या मागण्या. फार नाहीत.

माझा विषय नाकारायचा असेल तर खुशाल नाकारा पण कारण लिहून द्या. प्रश्न कच्चा आहे, पद्धत चुकीची आहे, माझी तयारी नाही, काहीही, मी दुरुस्त करेन. ‘कक्षेत बसत नाही’ हे कारण नाही.

दोन विभागांचे दोन गाईड द्या. युजीसीच्या २०२२च्या पीएचडी नियमांमध्ये आंतरविद्याशाखीय कामासाठी विभागाबाहेरचा, विद्यापीठाबाहेरचासुद्धा सहमार्गदर्शक घेता येतो, नवीन ठराव करायची गरजच नाही. सामुदायिक आरोग्य शिकवणाऱ्या एक डॉक्टर तयार आहेत, त्यांचं संमतीपत्र फायलीत पान ३१ वर लावलेलं आहे, बघितलं नसेल. आणि तपासायला परीक्षक पाठवताना दोन्हीकडचा एकेक पाठवा, मला सवलत नको.

सामाजिक शास्त्रांच्या तत्त्वज्ञानाचा पेपर परत सुरू करा. ऐच्छिक ठेवा हवं तर, दोन क्रेडिटचा ठेवा, पण आठवड्यातल्या कामाच्या दिवशी, माणसाला जमेल अशा वेळेला ठेवा. आमचे सर निवृत्त झाले तर त्यांना मानधनावर बोलवा, ते येतील, मी विचारलंय, प्रवासखर्चसुद्धा नको म्हणाले, पण तो तुम्ही द्यावा.

हायपोथेसिसच्या रकान्यापुढे ‘लागू असल्यास’ असे दोन शब्द छापा.

आणि ‘संबंधित विषय’ म्हणजे काय याचा खुलासा विद्यापीठाने एकदा लेखी करावा अशी शिफारस समितीने वर पाठवावी. एवढं तर समितीच्या हातात आहे.

प्रश्न १७ मी बदललाय. आता पर्याय नाहीत. नुसतं लिहिलंय, ‘काय काय झालं ते पहिल्यापासून सांगा’, आणि खाली अख्खं पान कोरं.

पुढची बैठक कधी ते कळवाल तर बरं होईल, पण दसऱ्याच्या आत कळवा. त्यानंतर टोळ्या निघतात आणि गावात म्हातारी माणसं आणि पोरं सोडली तर थेट मार्च-एप्रिलपर्यंत कोणी भेटत नाही. मावशी आता जात नाही, गुडघे गेलेत तिचे. बाकीच्या जाणार आहेत.

आपली विश्वासू,
पीएचडीची (अजून प्रोव्हिजनल) एक विद्यार्थिनी